नवसाचं अळणी आणि भाऊजींची गोळी

तुम्ही तुमच्या धाकट्या आजोबांना पाहिलंत ते त्यांच्या उतारवयात. पायजमा, बनियन, खिशात टेस्टर, आणि कुणाच्या घरचा मिक्सर बिघडला की न बोलावता हजर. जेवण झालं की ते एक गोळी घेत. ती कशाची, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं तेव्हा घरातले सगळे एका सुरात म्हणाले, "पित्ताची." आपल्या घराण्यात खोटं बोलायची वेळ आली की पित्ताच्या नावावर खपवतात. ती गोळी मनाच्या आजाराची होती, तिनं त्यांना जन्मभर उभं ठेवलं आणि एकदा जवळजवळ आडवंही केलं. आडवं करण्यात गोळीपेक्षा आपल्या देवीचा हात जास्त होता. मला सगळं क्रमानं सांगायची सवय आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आम्ही तेव्हा भोपाळला, इंद्रपुरीजवळच्या, वीज तयार करायची मोठी यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. तुमचे आजोबा डिझाइन विभागात आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर, त्या यंत्रांवर तारा गुंडाळायच्या वाइंडिंग विभागात सुपरवायझर. एकाच क्वार्टरमध्ये आम्ही दोघं, भाऊजी आणि सासूबाई. तुमचा बाबा व्हायचा होता.

अशा वसाहतीत आजार ओळखणं मोठं कठीण. कारखाना तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे कोण कधी झोपतो याचा शेजाऱ्याला पत्ता नसे. पहाटे कुणी गाणं म्हणत अंघोळ करत असेल तर पहिली पाळी, भरदुपारी घोरत असेल तर तिसरी. भाऊजींची झोप उडाली तेव्हा आम्हाला वाटलं, डबल ड्युटी लागली असेल. ते भरभर बोलायला लागले तेव्हा वाटलं, युनियनचे प्रतिनिधी झालेत, सराव करतायत. कारखान्यात कामगारांसाठी सूचनापेटी होती. भाऊजींनी ती एकट्यानं भरून टाकली. त्यातली एक सूचना खरोखरच कामाची निघाली, आणि व्यवस्थापनानं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सासूबाईंनी कॉलनीत पेढे वाटले. म्हणजे आजाराच्या पहिल्या लक्षणाचे आम्ही पेढे वाटले, आणि लोकांनी "और दीजिए" म्हणून खाल्ले.

मग हिवाळा संपता संपता भाऊजी अंथरुणात शिरले ते बाहेर येईनात. अंघोळ नाही, दाढी नाही, पाळी नाही. तेव्हा वसाहतीनं निदान केलं: आळस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शादी करा दो, सब ठीक हो जाएगा." हे औषध भोपाळात सर्व रोगांवर देतात. ज्या मुलीचं औषध करायचं तिला मात्र कुणी विचारत नाही. आम्ही लग्न लावलं नाही याचं श्रेय आमच्या शहाणपणाला नको. पत्रिका जुळत नव्हती.

भाऊजी आपोआप उठले, कामावर गेले, हसू-बोलू लागले. आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर चढले, ते फार वर. कारखान्याचा भोंगा वाजला की त्यातून जनरल मॅनेजर फक्त त्यांच्याशी बोलत. एका सकाळी ते चार इमलीत, म्हणजे सरकारी साहेबांच्या वस्तीत, एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर गेले आणि फाटकावरच्या शिपायाला सांगू लागले की साहेबांना उठवा, सगळ्या प्रांताची वीज मी माझ्या हातानं चालू करणार आहे. पोलिसांनी त्यांना जीपमधून घरी आणून सोडलं. त्यांनी वागवलंही चांगलं. शाल अंगावर असल्यामुळे त्यांना कवी समजले होते.

मग आम्ही शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, घाईचे, आणि कारखाना कधी आतून न पाहिलेले. त्यांनी तुमच्या आजोबांना विचारलं, "ये कहते हैं, इनका बनाया हुआ चक्का घूमता है तो पूरे शहर में बत्ती जलती है. ऐसा कब से कह रहे हैं?"

"जी, वो तो सही है," तुमचे आजोबा म्हणाले. "घूमता है."

"आपने देखा है?"

"मैं भी वही बनाता हूँ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "आप भी फैक्ट्री में हैं?"

"नाही, मी घरी असते," मी घाबरून मराठीतच बोलले.

भाऊजींनी सांगितलेलं खरं होतं ते त्यांनी भ्रम म्हणून लिहून घेतलं, आणि चार इमलीतले साहेब आपली वाट बघतायत हे मात्र त्यांना पटण्यासारखं वाटलं, कारण साहेब लोक सरकारी इंजिनिअरांना भेटतातच. शेवटी भोंग्यातून ऐकू येणाऱ्या आवाजाची गोष्ट निघाली आणि डॉक्टरांच्या तोंडून एक मोठा इंग्रजी शब्द बाहेर पडला: स्किझोफ्रेनिया. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं, त्यामुळे घरचे माझ्याकडे पाहू लागले. पण आमच्या अभ्यासक्रमातले वेडे छंदोबद्ध बोलायचे आणि शेवटच्या अंकात मरायचे. त्यांच्या औषधपाण्याबद्दल परीक्षेत प्रश्न नसे.

औषधं सुरू झाली. अन्याय नको म्हणून सांगते, त्या अवस्थेत त्यांची गरज होतीच, आणि भोंग्यातले मॅनेजर लवकरच गप्प झाले. पण त्यांच्याबरोबर भाऊजीही गप्प झाले. हात अंगाला चिकटलेले, पाय घासत चालणं, तोंडाच्या कडेला लाळ. हसायला सांगितलं तर चेहऱ्याला ते आठवेना. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. सासूबाई म्हणाल्या, "याला सुधारणा म्हणतात? हा तर लाकडाचा झाला माझा!" आणि त्या माघात त्यांनी देवापुढे बसून कुलदेवीला नवस बोलला: माझा मुलगा पहिल्यासारखा होऊ दे, तो चातुर्मास अळणी खाईल. आमची देवी तिकडे सह्याद्रीत आणि आम्ही इकडे भोपाळात, म्हणून सासूबाई नवस बोलताना ट्रंक कॉलवर बोलावं तसा आवाज चढवत. त्यामुळे आम्हा सगळ्यांना तो ऐकू गेला होता. नवस बोलणारी एक आणि फेडणारा दुसरा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

चैत्रात आम्हाला दुसरे डॉक्टर भेटले. तरुण, केस विस्कटलेले, मोठ्या इस्पितळात नोकरी आणि डोक्यात संशोधनाचं खूळ. तो मोठा शब्द ज्यांच्या कपाळावर मारला गेला आहे असे रुग्ण ते गोळा करत आणि तो खरोखर किती जणांना लागू पडतो ते तपासत. तुमच्या आजोबांनी त्यांना भाऊजींच्या आजाराची सगळी हकीकत मशीनच्या बिघाडासारखी सांगितली: कधी गरम झालं, कधी बंद पडलं. सासूबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या. मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

"भाभीजी, जब बीमार नहीं थे, तब कैसे थे?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलायला लागले ती थांबेना. मधल्या महिन्यांत ते अगदी पुरते भाऊजी असत. माझ्या पोळ्यांना भारताचे नकाशे म्हणत. कॅरममध्ये लबाडी करत आणि पकडलं की नियमच बदलत. युनियनच्या सभेत भांडून घरी आले की ज्याच्याशी भांडले त्याच्याच घरचा पंखा दुरुस्त करायला जात.

डॉक्टर खूश झाले. त्यांनी समजावून सांगितलं की त्या मोठ्या शब्दाच्या आजारात माणूस मधल्या काळात असा पुरता परत येणं कमी. इथे मन चढतं, उतरतं, आणि मध्ये स्वच्छ असतं. आवाज ऐकू आले तेही मन चढलेलं असतानाच. तेव्हा मूळ आजार मनाच्या चढउताराचा, आणि त्याला औषध वेगळं, लिथियम.

"पक्कं का?" मी विचारलं.

"औषध देऊन पाहू. लागू पडलं तर आपलं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता जास्त."

"म्हणजे आधी उत्तर बघायचं आणि मग गणित सोडवायचं?"

ते हसले. "भाभीजी, हमारे यहाँ अभी गणित ऐसे ही होता है."

हा माणूस मला आवडला. निदान चुकू शकतं असं म्हणणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी बजावलं की या गोळीचं माप फार नाजूक असतं. थोडी कमी पडली तर उपयोग नाही, थोडी जास्त झाली तर विष. म्हणून रक्त तपासत राहायचं, पाणी भरपूर प्यायचं, जेवण नेहमीसारखं ठेवायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गोळ्या मी सांभाळायच्या असं ठरलं, कारण घरात वस्तू जागच्या जागी ठेवणारी मी एकटीच.

जुनी औषधं हळूहळू कमी झाली, नवी लागू पडली. आधी चालणं सुटं झालं, मग चेहरा. एके दिवशी ते ताटावर बसले, पोळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही श्रीलंका जोडायला विसरलात." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन त्यांना करपलेली पोळी वाढली. आषाढ लागेपर्यंत ते पाळीवर जाऊ लागले होते.

आणि आषाढी एकादशीला सासूबाईंनी जाहीर केलं: "पोरगा पहिल्यासारखा झाला. आता देवीचं देणं द्यायचं."

भाऊजींच्या पानात मीठ बंद झालं. अळणी वरण, अळणी भाजी, अळणी भाकरी. लोणचं नाही, पापड नाही. ते तक्रार न करता खात. नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाला घरात तक्रारीचा हक्क नसतो; तो जेवतोय यातच सगळ्यांना धन्यता. डॉक्टरांनी जेवण नेहमीसारखं ठेवायला सांगितलं होतं, आणि आमच्या घरात चातुर्मासात कुणी ना कुणी काहीतरी सोडलेलं असणं यापेक्षा नेहमीचं दुसरं काही नव्हतं. सासरे होते तेव्हा दर साली वांगं सोडत. त्यांना वांगं आवडत नसे.

श्रावणात भोपाळची हवा चिकट झाली. वाइंडिंग विभागात भट्ट्या तापलेल्या, तिथून भाऊजी घामानं निथळत घरी येत. प्रथम त्यांच्या हातातला कप वाजू लागला. मग कॅरमचा स्ट्रायकर त्यांच्या बोटांनी भलतीकडेच जाऊ लागला आणि मी सलग जिंकले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एका दुपारी त्यांना कारखान्याच्या फाटकावरून परत पाठवलं. पाय अडखळत होते, जीभ जड झाली होती. फाटकावरचा जमादार दारू पिऊन आले म्हणून रागावला होता. "आप जैसे आदमी से ये उम्मीद नहीं थी," असं म्हणून त्यानं त्यांना रिक्षात बसवलं. घरी येताच उलट्या सुरू झाल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखलं. रक्ताचा अहवालही तेच सांगत होता: औषध अंगात नको तितकं साचलंय. त्यांनी गोळी थांबवली, सलाइन लावलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाभीजी, गोलियाँ ज़्यादा तो नहीं दे दीं?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्या घरात चमचासुद्धा एक जास्त जात नाही." मला इतका राग आला होता की हे मी इंग्रजीत म्हटलं.

त्यांनी माफी मागितली, पण चेहऱ्यावरून समाधान झालेलं दिसत नव्हतं. नवं औषध? ताप? जुलाब? सगळ्याला आम्ही नाही म्हटलं. भाऊजी सलाइनवर जरा शुद्धीत आले. दुसऱ्या दिवशी इस्पितळाचं जेवण आलं, आणि डॉक्टर तिथेच उभे असताना सासूबाईंनी ते ताट हातानं मागे सारलं.

"ये नहीं चलेगा. इसमें नमक है. वो अळणी खाता है."

"क्या खाता है?"

"अळणी. बिना नमक का. मन्नत है."

डॉक्टरांनी तिथल्या स्टुलावर बसकण मारली. त्यांनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं की शरीराला मीठ मिळेनासं झालं की ते असलेलं मीठ घट्ट धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. लिथियम आणि मीठ यांतला फरक त्याला नीट कळत नाही, म्हणून ते लिथियमही धरून ठेवतं. वर घाम. गोळ्या तेवढ्याच होत्या. जायची वाट मात्र नवसानं बंद केली होती. मीठ सुरू करा, माप पुन्हा बसवू आणि गोळी परत चालू करू, असं ते म्हणाले.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि भाऊजींना घरी आणल्यावर निकाल दिला: "मीठ नाही. गोळी बंद."

"आई, गोळीनं तो बरा झालाय," तुमचे आजोबा म्हणाले.

"नवस बोलले माघात. हा तुझा डॉक्टर भेटला चैत्रात. आधी काय झालं? सांग की, इंजिनेर आहेस ना?"

तुमचे आजोबा बोटांवर महिने मोजू लागले. हिशेब सासूबाईंचा बरोबर निघाला. डॉक्टरांचा पुरावा औषध देऊन पाहिलं आणि लागू पडलं असा होता; सासूबाईंचाही तसाच होता, आणि वर त्यांच्याकडे देवी होती. नवस मोडला तर आजार उलटेल, ही त्यांची खरी भीती होती. गोळी बंद केली तर उलटेल, ही माझी. दोघींच्या मध्ये भाऊजी पलंगावर बसून पेज पीत होते आणि त्यांच्याविषयी चर्चा चालली होती. तुमच्या आजोबांनी तडजोड काढली की अर्धं मीठ आणि अर्धी गोळी द्यावी. डिझाइन विभागातली माणसं कुठल्याही भांडणाला दोननं भागतात.

"बास!" भाऊजींनी वाटी आदळली. पेज उडून भिंतीवरच्या बक्षिसाच्या घड्याळावर गेली. "मला विचारलंत का कुणी? नवस बोलताना विचारलं? आई, हा करार कुणी केला? तू आणि देवीनं. माझी सही कुठाय त्याच्यावर?"

"अरे, देवीशी असं बोलतात?"

"मी देवीशी बोलतच नाहीये. तुझ्याशी बोलतोय. मी युनियनचा माणूस आहे. माझ्या पाठीमागे झालेला करार मी पाळत नसतो. लाकूड झालो होतो तेव्हा तुम्ही घास भरवलेत, ते मी गिळले. आता माझ्या तोंडात काय जाणार ते मी ठरवणार. गोळी जाणार आणि मीठ जाणार. वहिनी, लोणचं आणा!"

मी हलले नाही. कुणीच हललं नाही. आवाज चढलेला, डोळे मोठे, हातवारे. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि भाऊजींना ते कळलं. "झालं," ते म्हणाले, "आता मी रागावलोसुद्धा तर तो आजार." आणि आत जाऊन पडले.

"चढतंय का गं परत?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं. तुमच्या आजोबांनी खबरदारी म्हणून भावाच्या लूनाची किल्ली डाळीच्या डब्यात टाकली. ती पुढे मला वरणात सापडली, पण तो विषय वेगळा.

सकाळी मी डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "रागाला कारण होतं का?"

"होतं."

"एकच विषय धरून बोलले, की इकडून तिकडे?"

"एकच. मीठ."

"नंतर झोपले का?"

"घोरत होते."

"फिर तो गुस्सा है, भाभीजी. सिर्फ गुस्सा. मुबारक हो."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. राग आल्याबद्दल अभिनंदन करणारा डॉक्टर ऐकून भाऊजी पलंगावर उठून बसले. सासूबाई मात्र बराच वेळ देवापुढे बसून होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कोर्टात मुद्दा सापडलेल्या वकिलाची कळा होती.

"सही कुणाची म्हणालास करारावर?"

"तुझी."

"मग ज्याची सही तो फेडेल. घरातलं एक पान अळणी, असं देवीला म्हटलंय समज. पान कुणाचं हे आमचं आम्ही बघून घेऊ."

त्या दिवसापासून कार्तिकापर्यंत सासूबाईंनी स्वतः अळणी खाल्लं. त्यांचं रक्तदाबाचं दुखणं जुनं होतं, आणि मीठ कमी करा म्हणून कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर वर्षानुवर्षं त्यांच्या विनवण्या करत होते. देवीनं ते काम परस्पर करून टाकलं. भाऊजींची गोळी नव्या मापानं सुरू झाली, आणि ती त्यांनी पुढे स्वतःच घेतली. माझ्या हातून घ्यायला त्यांनी नकार दिला.

आमच्या डॉक्टरांनी त्यानंतर आपल्या सगळ्या रुग्णांना विचारायच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर घातली. तपासणीला गेलो की बाकावरच्या आयांना ते विचारताना ऐकू येई, "माताजी, घर में किसी ने कोई मन्नत तो नहीं मानी?" पुष्कळ जणींनी मानलेली असे. पाणी सोडलेल्या, अन्न सोडलेल्या, मुलाला अनवाणी चालवणाऱ्या. त्यांचं संशोधन यामुळे किती पुढे सरकलं ते मला माहीत नाही, पण त्या बाकावर सासूबाईंचा भाव फार वाढला. त्या नव्या आयांना मोडक्या हिंदीत सल्ला देत: "मन्नत मानो, लेकिन अपने पेट की मानो. बच्चे के पेट की नहीं."

घरी जेवताना भाऊजी मुद्दाम त्यांच्या समोर बसत. सासूबाईंच्या पानात पांढरंफटक वरण, आणि यांच्या पानात लोणचं आणि तळलेल्या पापडांची चळत. ते पापड मोठ्यानं मोडत आणि आवाज पोचला की नाही ते बघत.

"दाखवून खाऊ नकोस रे, मेल्या."

"आई, औषध आहे हे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मीठ सांगितलंय. पापडाचं दुकान नाही सांगितलं," असं म्हणून सासूबाईंनी त्यांच्या ताटातला एक पापड उचलला, तोंडापर्यंत नेला, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि शिव्या देत परत त्यांच्या ताटात ठेवला.